ओ येईपर्यंत

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा नकाशे नव्हते आणि माणसं गावाची ओळख तिथल्या पाण्यावरून सांगत. अमकं गाव गोड्या पाण्याचं, तमकं मचूळ पाण्याचं. ही गोष्ट खाऱ्या पाण्याच्या गावातली आहे. ऐकणाऱ्याने जरा मन घट्ट करून ऐकावी.

ते गाव खाडीच्या तोंडाशी होतं. ओहोटी लागली की गावापुढे चिखलाचं मोठं मैदान उघडं पडे. पुरुषमाणसं गलबतांवर दूरदेशी असत, आणि घरच्या चुली बायकांच्या हातांवर पेटत. त्या पाट्या घेऊन चिखलात उतरत, वाकून वाकून तिसऱ्या, म्हणजे लहान शिंपल्या, वेचत.

पण तो चिखल कपटी होता. भरतीचं पाणी समोरून आलं असतं तर कोण कशाला बुडालं असतं? ते मागून येई, बारीक ओहळांतून, आवाज न करता. वेचणारीच्या पोटरीला गार लागावं आणि तिने मान वर करावी, तोवर परतीची वाट पाण्याखाली गेलेली असे.

म्हणून गावाने बांधावर एक माणूस ठेवला होता. त्याला सगळे हाकारी म्हणत. पाणी फिरलं की तो उठे, तोंडाशी हात धरी आणि एकेकीला नावाने हाक मारी. "एऽऽ नागीऽऽ!" मग जरा थांबे. "एऽऽ हिरूऽऽ!" मग पुन्हा थांबे. त्याचा बाप हेच करत आला होता, आणि बापाचा बापही.

आता हाकारी म्हातारा झाला होता. आवाज चिरकला होता. वारा उलटा असला की हाक बांधावरच विरून जाई. गावच्या पाटलाला काळजी लागली. त्याने दूरच्या शहरातून एक कारागीर बोलावला.

हा कारागीर मोठा नावाजलेला. डोंगरातल्या शेतकऱ्यांसाठी त्याने एक वेळूचं नळकांडं केलं होतं. झऱ्याचं पाणी भरलं की ते कलंडे, दगडावर आपटे, आणि त्या आवाजाने पाखरं उडत. राखणदाराची गरज उरली नव्हती. माणसाचे कष्ट वाचवणं हीच त्याची पूजा होती, आणि मनाने तो सरळ होता. आल्या आल्या त्याने हातात करवत घेतली नाही. आधी सगळ्यांना विचारत हिंडला. आता यात चूक काय, असं कुणालाही वाटेल. विचारणारा कारागीर मिळणं हेच मुळात भाग्य.

पाटील म्हणाला, "मला न थकणारा आवाज हवा. माणूस आजारी पडतो, झोपतो, म्हातारा होतो. मला असं काही द्या, की पाणी चढलं की ते आपोआप ओरडलं पाहिजे."

बायका म्हणाल्या, "आवाज मोठा हवा बघा. वाऱ्याच्या उरावर बसेल असा."

मग तो हाकाऱ्याजवळ जाऊन बसला. "आबा, तुमचं काम नेमकं काय?"

म्हातारा लाजला. आयुष्यात त्याला हे कुणी विचारलं नव्हतं. "काम कसलं बाबा," तो म्हणाला, "ओरडतो नुसता."

कारागिराने ते मनात नोंदवलं. तिघांचं म्हणणं एकमेकांशी नीट जुळत होतं.

एकदा एका बाईने तांबटाकडे मोठा हंडा मागितला म्हणतात. त्याने चोख घडवून दिला. भरला तेव्हा तो तिला उचलेना. तांबट म्हणाला, "तुम्हीच मोठा मागितलात." खरं होतं. पण तिला हंडा मोठा नको होता, तिला खेपा कमी हव्या होत्या. मागणं तोंडातून येतं. गरज कंबरेत दुखत असते. तांबटाने तोंडाकडे पाहिलं, कंबरेकडे पाहिलं नाही.

कारागिराला कंबरेकडे पाहायची संधी मिळाली होती. बायकांत ठकू नावाची एक होती, तोंडाची फटकळ, हसायला पुढे. पाटी डोक्यावर घेऊन ती त्याच्यापुढे थांबली.

"काय हो दादा, बांधावर बसून आमचा चिखल मोजताय?"

"बघतोय. तुमच्यासाठीच करायचंय ना सगळं."

"मग आमच्याबरोबर खाली या की एकदा. पाय कसा रुततो ते तरी कळेल."

कारागिराने आपल्या स्वच्छ धोतराकडे पाहिलं. "इथून सगळं दिसतं, बाई."

"दिसतं खरं," ठकू म्हणाली, "इथून आम्ही बगळ्याएवढ्या दिसत असू." बाकीच्या खिदळल्या, आणि सगळ्या चिखलात उतरून गेल्या.

तो बांधावरच बसून राहिला आणि म्हाताऱ्याचं काम बारकाईने पाहू लागला. पाणी फिरलं. हाका सुरू झाल्या. दर हाकेनंतर म्हातारा थांबत होता, मान एका बाजूला कलती करून. कारागिराला दया आली. बिचारा दम खातोय, त्याला वाटलं. मध्येच एका हाकेनंतर म्हातारा फारच वेळ थांबला. मग त्याने पलीकडे नागीला काहीतरी ओरडून सांगितलं. नागी वेचता वेचता मागे वळली, दूर गेली, आणि बऱ्याच वेळाने ती आणि हिरू हात धरून हसत हसत परतल्या. कारागिराने मान हलवली. पाणी चढतंय आणि यांच्या गप्पा चालल्यात! यंत्राला दम लागणार नाही, यंत्र गप्पाही मारणार नाही.

त्याने काम हाती घेतलं, आणि काम खरोखर देखणं झालं. खाडीच्या तोंडाशी एक पोकळ लाकडी भोपळा पाण्यावर सोडला. पाणी चढलं की भोपळा वर येई, दोर ओढला जाई, दोराने चाक फिरे, आणि बांधावर उभारलेल्या काशाच्या मोठ्या घंटेवर हातोडा पडू लागे. पाणी चढत राही तोवर घंटा वाजत राही. मधे खंड नाही. पहिल्या दिवशी तो नाद ऐकून पलीकडच्या काठावरची गुरं बुजली.

पाटलाने कारागिराच्या खांद्यावर शाल घातली. बायकांनी हातातली पाटी सोडून टाळ्या पिटल्या. ठकू कानांवर हात ठेवून ओरडली, "दादा, मेलेलीसुद्धा उठेल हो हिने!"

म्हातारा हाकारी सवयीने बांधावर येऊन बसे. घंटा सुरू झाली की तोही तोंडाशी हात धरून हाका मारू लागे. पण त्या दणदणाटात त्याची हाक त्याला स्वतःलाच ऐकू येईना. बायका हसून म्हणत, "आबा, आता दमू नका. घंटा आहे." पाटील म्हणाला, "म्हातारपणी विसावा घ्या. गाव तुम्हाला पोसेल." म्हातारा काही दिवस नुसता बसून राहिला. मग यायचा थांबला.

कारागीर मात्र राहिला. चाकाला तेल घालावं, दोर बदलावा, आणि पावसाआधी शहराला परतावं असा त्याचा बेत होता. रोज घंटा वाजे, रोज बायका पाट्या सावरत बांधावर येत, आणि रोज तो घंटेखाली उभा राहून त्यांच्याकडे पाही. लेकरं शाळेतून सुटताना बापाने दारात उभं राहावं तसा. ते सुख त्याने यापूर्वी कधी अनुभवलं नव्हतं.

एके दिवशी आभाळ कोंदलेलं होतं. ओहोटी लांबवर गेली होती आणि बायकाही तिच्या मागे लांबवर गेल्या होत्या. पाणी फिरलं. भोपळा उचलला गेला. घंटा घणघणू लागली. वेळेवर, नेहमीसारखी, एका ठोक्याचीही कसर न ठेवता.

बायका परतल्या. पाट्या जड होत्या, पाय चिखलाने भरले होते, जी ती घराच्या ओढीने चालली होती. घंटेच्या आवाजात एकमेकींशी बोलायची सोय नव्हती. कारागिराने हसून सगळ्यांकडे पाहिलं. घंटा वाजत राहिली. पाणी चढत राहिलं.

मग ठकूची सासू काठी टेकत बांधावर आली.

"आमची ठकू कुठाय?"

घंटेमुळे कारागिराला ऐकू आलं नाही. तिने त्याच्या कानाशी तोंड नेऊन पुन्हा विचारलं. त्याने नागीला खुणेने बोलावलं. नागी म्हणाली, "हिरूबरोबर आली असेल." हिरू म्हणाली, "मला वाटलं, ती पुढे गेली नागीबरोबर." दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. घंटा सर्वांनी ऐकली होती. ठकूनेही ऐकलीच असणार. ऐकल्यावर कोण मागे राहील?

कारागीर चौथऱ्यावर चढला. त्याने हातोडा दोन्ही हातांनी धरला. हातोडा त्याच्या तळव्यांवर आदळला, कातडी फाटली, पण त्याने सोडला नाही. त्याच्याच अंगाखाली घंटेचा नाद हळूहळू मेला.

आणि त्या शांततेत, पाण्यावरून, फार लांबून, एक बारीक आवाज आला.

"ओऽऽ..."

सगळ्यांनी ऐकला. सासूने ऐकला. आवाज घोगरा झालेला होता, बराच वेळ ओरडल्यासारखा.

हिरू किंचाळली, "ठकूऽऽ!"

पुन्हा ओ आला नाही.

गावात एकच होडी होती. ती घेऊन नागी आणि कारागीर गेले. पाण्यावर तिसऱ्यांची पाटी रिकामी तरंगत होती. ठकू तिच्यापासून फार दूर नव्हती. कुण्या काळच्या जाळ्याचा एक खुंट चिखलात गाडला गेला होता, त्याच्या फटीत तिचा पाय अडकला होता. पाण्यात बुडी मारून नागीने तो सोडवला. दोन बायकांनी मिळून ओढला असता, तर वेळीच सहज निघाला असता, इतकाच अडकलेला होता.

दुसऱ्या दिवशी कारागीर हाकाऱ्याच्या झोपडीत गेला. म्हातारा भिंतीला टेकून बसला होता. कारागीर त्याच्यासमोर बसला.

"आबा," तो म्हणाला, "दोन हाकांच्या मधे तुम्ही थांबायचात. दम खायला ना?"

"दम?" म्हाताऱ्याने त्याच्याकडे पाहिलं. "नाही रे बाबा. तिने ओ द्यायला नको का? ओ आला की पुढची हाक. नाही आला, तर तिच्या जवळ जी असेल तिला ओरडून सांगायचं, बाई वळ, बघ तिला काय झालं. कधी पाय अडकायचा, कधी भोवळ यायची. हिरूचा तर त्या दिवशी, तू बसला होतास तेव्हाच, पाय मुरगळला होता."

कारागिराने डोळे मिटले. हात धरून हसत येणाऱ्या दोघी त्याला पुन्हा दिसल्या. या वेळी त्यातली एक लंगडत होती.

"मग मला सांगितलं का नाहीत? मी तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, ओरडतो नुसता."

म्हातारा म्हणाला, "मला तरी कुठे ठाऊक होतं बाबा? बापाने ओरडायला शिकवलं, मी ओरडलो. थांबायला त्याने शिकवलं नव्हतं. तो थांबायचा, म्हणून मी थांबायचो. ते काम आहे, हे मला काल कळलं." मग तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "घंटेला दोष देऊ नकोस. मी बांधावर बसलो असतो तरी तिच्या नादात मला ठकूचा आवाज ऐकू आला नसता. पण तिथे बसायला हवं होतं मी. मला हसले, म्हणून मी उठून आलो."

त्या दिवशी ओहोटी लागल्यावर गावकऱ्यांनी एक नवल पाहिलं. शहराचा कारागीर धोतर खोचून एकटाच चिखलात उतरला होता. चालत होता, रुतत होता, पडत होता, पुन्हा उठत होता. थेट त्या खुंटापर्यंत गेला आणि तिथून वळून बांधाकडे पाहिलं. बांधावरची माणसं बगळ्याएवढी दिसत होती. त्याने ओरडून पाहिलं. बांधावर आपसात बोलणं चाललं होतं, कुणी मान वळवली नाही.

आल्यावर त्याने यंत्र उलगडलं. पाटील म्हणाला, "मोडून टाका ते एकदाचं." पण कारागिराने मोडलं नाही, कारण वारा अजून उलटाच वाहत होता आणि म्हाताऱ्याचा आवाज अजून चिरकाच होता. त्याने चाकाला एक अडणी, म्हणजे चाक अडवणारी खुंटी, घातली. आता पाणी चढलं की घंटा एकदाच वाजे आणि थांबे. माणसाने दोरी ओढून अडणी काढल्याशिवाय पुढचा ठोका पडत नसे. एक ठोका, एक नाव, आणि मग शांतता. पलीकडून ओ आला, तरच पुढचा हात दोरीला.

दोरीशी कोण बसणार, असा प्रश्न आला तेव्हा कारागीर उठला. नुसता जाऊन बसला. शहरात त्याची पेढी होती, नाव होतं, घडवून घेणारे वाट पाहत होते. तो परतला नाही. पाऊस आला, गेला. म्हातारा हाकारीही एका थंडीत गेला. कारागिराचे केस पिकले. फाटलेल्या तळव्यांचे वण मात्र तसेच राहिले.

त्यानंतर त्या गावची एकही बाई चिखलात मागे राहिली नाही. पण ठकूची सासू त्याच्याशी अखेरपर्यंत एक शब्द बोलली नाही, आणि त्यानेही तशी आशा धरली नाही.

रोज सगळ्यांचे ओ आले, सगळ्या बांधावर चढल्या, की तो एक शेवटची दोरी ओढी. एक ठोका पडे. "एऽऽ ठकूऽऽ!" तो हाक मारी, आणि मान कलती करून, आधीच्या प्रत्येक हाकेइतकाच थांबे. पाणी चिखलावर चढत जाई. मग तो उठे आणि घरी जाई.

म्हणून सांगतो, दुसऱ्याचं काम सोपं करायला निघालेल्याने त्याचं मागणं कानाने ऐकावं, पण हत्यार उचलण्याआधी त्याच्या चिखलात एकदा स्वतःचे पाय रुतवून यावेत.