शेंदरी क्रॉस

घाटाचा रस्ता अजून मातीचा होता, त्या काळी तात्याबा जगदाळ्यांचा एक ट्रक होता. त्याचा गिअरबॉक्स जागचा हलत नसे आणि मागची चाकं खड्ड्यागणिक उसळत. दोघांना जोडणाऱ्या शाफ्टला फुलीच्या आकाराचा एक सांधा होता, त्याला क्रॉस म्हणत. वाकायचं काम त्याचंच. ग्रीस हे त्याचं जेवण, ते एका बारीक तोंडातून मिळे.

दसऱ्याला तात्याबांनी ट्रक खालूनवरून रंगवून घेतला. क्रॉसही शेंदरी झाला आणि त्याचं तोंड रंगाखाली बुजलं.

पुढे तो करकरू लागला. "माझ्या पोटात काही जात नाही," तो म्हणाला.

"एवढं सजवलंय तुला," गिअरबॉक्स म्हणाला, "आता तरी कुरकुर करू नकोस."

आवाज तात्याबांनीही ऐकला. "आत्ताच तर सगळं करून घेतलंय," असं म्हणत त्यांनी गाडी तशीच हाकली.

भर चढावर क्रॉस तुटला. गिअरबॉक्स आतल्या आत फिरत राहिला, पण चाकांपर्यंत काहीच पोचेना. ट्रक मागे घसरला आणि दरीच्या काठावर एका दगडाला अडकून थांबला. तात्याबांनी खाली वाकून तुकडा उचलला. रंग तसाच लखलखीत होता, आतून मात्र गंजाची भुकटी त्यांच्या तळहातावर सांडली.

नवा क्रॉस बसला, तेव्हा गिअरबॉक्सने त्याला आधी एकच विचारलं, "जेवलास का?"