नाक्यावर अडलेली आत्या

दहा वर्षांची येसू भाच्याच्या बारशाला निघाली होती. आईवडील तयारीसाठी आदल्या दिवशीच पुढे गेले होते, आणि बाळाचं नाव ठेवणारी आत्या तीच. संस्थानच्या सीमेवर नाकेदाराने तिला अडवलं.

"वडिलांची परवानगी दाखव! अल्पवयीन मुलांना एकटं सोडायचं नाही. खुद्द महाराजांचा हुकूम आहे," मिशीला पीळ देत तो गरजला.

"परवा ज्यांचा पहिला दात पडला म्हणून गावभर साखर वाटली, तेच ना महाराज?"

"तेच!"

"मग हुकूम काढायला त्यांनी आईसाहेबांची परवानगी घेतली होती का?"

नाकेदाराचा हात मिशीवरच राहिला. दुसऱ्या हाताने त्याने अडसर उचलला.

येसू म्हणाली, "काका, परतताना माझे आईवडील सोबत असतील. महाराजांच्या परवानगीचं तेवढं तुम्ही बघा."