कासारणीचा हुंकारी

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हाच्या हिरव्यागार डोंगरांना आता टक्कल पडलंय. ऐकायची असेल तर लहानांनी पुढं सरका, मोठ्यांनी मागं टेका, आणि मधूनमधून 'हूं' म्हणत चला. हुंकाराशिवाय गोष्ट चालत नाही, हे काय तुम्हाला सांगायला हवं? या गोष्टीत तर सगळा घोळ त्या 'हूं'नंच घातला.

एका राज्यात दर बारा वर्षांनी पोथ्यांची चढाओढ लागायची. लहानसहान गोष्ट नव्हे बरं का! एकाच कथेची जाडजूड पोथी, तीन दिवस वाचली तरच संपणारी. नगराबाहेर मांडव पडायचा, राणीसाहेब समोर बसायच्या आणि लेखक आपली पोथी मोठ्यानं वाचायचे. जी पोथी जिंकेल तिच्या नकला काढून गावोगाव धाडल्या जायच्या.

पण रीत मोठी कडक. प्रत्येक लेखकानं आपला हुंकारी बरोबर आणायचा. हुंकारी म्हणजे लेखकाशेजारी बसून 'हूं' म्हणणारा माणूस. बाकीच्या श्रोत्यांनी तोंड उघडायचं नाही. आणि सलग तीन पानं हुंकार आला नाही, तर चोपदार पुढं येऊन पोथी लाल दोऱ्यानं बांधून टाकायचा. लाल दोऱ्याची पोथी पुन्हा कुणी, कधी, कुठंही उघडायची नाही. घरात चुलीपुढं बसूनसुद्धा नाही.

मोठ्या लेखकांचं बरं होतं. त्यांच्या डोक्यावर कुठल्या ना कुठल्या सरदाराचं छत्र असायचं. सरदार त्यांना पोसायचे आणि ते पोथीच्या पहिल्या वीस पानांत सरदारांचे गोडवे गायचे. हुंकारीही सरदारांच्या पदरचाच, चांगल्या कमावलेल्या आवाजाचा. ज्यांना कुणाचं छत्र नाही त्यांना लोक 'उघड्या डोक्याचे' म्हणून हसायचे. आजवर असा एकही जण मांडवात शिरला नव्हता.

त्या वर्षी मात्र राणीनं दवंडी पिटवली, "ज्याला लिहिता येतं त्यानं यावं. डोक्यावर छत्र असो वा नसो!"

राज्याच्या अगदी टोकाच्या गावात साळूआक्का नावाची कासारीण राहायची. खांद्यावर बांगड्यांच्या माळा टाकून ती दारोदार फिरायची. आता तुम्ही म्हणाल, कासारीण आणि पोथी? कुठला मेळ कुठं! जरा धीर धरा की.

कासारणीचं अर्धं कसब हातात असतं, अर्धं तोंडात. बाई हात आखडून बसली की बांगडी चढत नाही. मनगटाला ओरखडा तरी उठतो, नाहीतर बांगडी तरी वाढते. फुटली म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं. म्हणून साळूआक्का बाईचा हात हातात घेतला की गोष्ट सुरू करायची. गोष्ट एकच. नदीकाठच्या गावातून एक पोर हरवते आणि तिची आई तिला शोधत अठरा गावं पालथी घालते. आज या दारात थोडी, उद्या त्या दारात थोडी. ऐकणारी गुंगली की हात सैल पडायचा आणि बांगडी कधी मनगटावर गेली ते तिचं तिलाच कळायचं नाही.

पण एखाद्या ठिकाणी गोष्ट रेंगाळली, उगाच लांबली, की हात आखडायचा आणि कट्! बांगडी वाढली. साळूआक्का तोंडानं काही बोलायची नाही. घरी जाऊन त्या जागेचं लिहिलेलं पान फाडायची आणि नव्यानं लिहायला बसायची. बारा वर्षांत तिनं टोपलीभर बांगड्या वाढवल्या आणि तेव्हा कुठं तिची पोथी झाली. शेवटच्या वर्षात एकही वाढली नाही.

दवंडी ऐकून गावच्या बायका म्हणाल्या, "आक्का, तू जाच. आम्ही येतो हुंकार द्यायला." पण दिवस सुगीचे. ज्वारी कापणीला आलेली. निघायच्या सकाळी एकीचाही पाय शेतातून निघेना. साळूआक्कानं कुणाला बोल लावला नाही. पोथी फडक्यात बांधली, बांगड्यांच्या माळा खांद्यावर घेतल्या आणि एकटीच वाटेला लागली. 'बारा वर्षांची पोथी,' तिच्या मनात येत होतं, 'आणि लाल दोऱ्यात गेली तर दारोदार सांगायलाही उरायची नाही.' पण पाय थांबले नाहीत.

मांडवात उघड्या डोक्याचे दोघंच निघाले. एक ती आणि दुसरा धुळोबा, एका जुन्या गडावरचा पहारेकरी. गडाच्या तटावर उभं राहून त्यानं वीस वर्षांत पोथी लिहिलेली. हुंकारी म्हणून मेहुण्याला आणलेलं.

पहिलं वाचन धुळोबाचं. सुरुवात झकास झाली. पण मेहुणेबुवांनी सकाळीच नगरात पुरणपोळ्या हाणल्या होत्या. दहाव्या पानावर त्यांची मान कलली. अकरावं पान गेलं, बारावं गेलं, तेरावं गेलं. श्रोते नुसते चुळबुळले, पण बोलायची बंदी! चोपदार आला आणि त्यानं लाल दोरा करकचून बांधला.

धुळोबा बाहेर येऊन मटकन बसला. "आक्का, वीस वर्षांच्या पहाऱ्यात मी एकदा डोळा लावला नाही," तो म्हणाला, "आणि ह्या बाबाला दहा पानं जागवेना!" त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. साळूआक्काला त्याच्याकडं बघवेना.

मग आले छत्रपंडित. मागच्या दोन्ही चढाओढी जिंकलेले. सरदारांचं रेशमी छत्र डोक्यावर आणि शेजारी त्यांचा प्रसिद्ध हुंकारी. काय तो आवाज! विहिरीत घागर सोडावी तसा घुमायचा. पंडित वाचत होते, हुंकारी 'हूं' म्हणत होता आणि मांडव शांतपणे पेंगत होता.

दुसऱ्या दिवशी पंडितांची पानं जरा इकडची तिकडं झाली. एका पानाच्या शेवटी राजा मेला, चिता पेटली, राणीनं टाहो फोडला. पुढचं पान उलटलं तर तोच राजा घोड्यावर बसून शिकारीला निघालेला!

"हूं," हुंकारी म्हणाला.

कुणी हललं नाही. साळूआक्काचा अंगठा मात्र आपसूक आवळला गेला. 'अगं बाई,' तिच्या मनात आलं, 'माझ्या तर इथं दोन बांगड्या वाढल्या असत्या.'

तिसऱ्या दिवशी वाचन संपवून छत्रपंडित तिला मांडवामागं भेटले. तिची पोथी त्यांनी चाळली आणि त्यांचे डोळे चमकले. माणूस गर्विष्ठ होता, पण वाचता येत होतं त्याला.

"साळूबाई, पोथी बरी आहे. पण हुंकारी कुठाय तुमचा?"

"नाही, पंडितजी."

"मग लाल दोरा ठरलेला. माझं ऐका. पहिल्या पानावर आमच्या सरदारांचं नाव घाला. आणि पोरीला आई शोधते ते काढून टाका, सरदार शोधतात असं करा. एवढं केलंत तर माझा हुंकारी तुमच्याशेजारी बसवतो."

खोटं कशाला सांगा, साळूआक्काचं मन डळमळलं. एक नाव बदलायचं, एवढंच तर. पण तिला ते सगळे हात आठवले. कुणाचा शेणानं माखलेला, कुणाचा भाकरी थापून भाजलेला, कुणाचा पहिल्या चुड्यासाठी थरथरणारा. पोर सापडली त्या पानावर ते सगळे तिच्या हातात सैल पडले होते.

"पंडितजी," ती म्हणाली, "पोरीसाठी अनवाणी हिंडली ती आई. आता सापडायच्या वेळी मी पोर सरदारांच्या पदरात कशी घालू? नाही जमायचं."

"मग भोगा आपल्या कर्माची फळं!" पंडित फणकारले आणि निघून गेले.

दुसऱ्या सकाळी तिची पाळी आली. चोपदारानं विचारलं, "हुंकारी कोण?"

"इथंच कुठंतरी बसलाय," साळूआक्का म्हणाली. "कोण, ते मला अजून ठाऊक नाही."

मांडवात खसखस पिकली. पंडित तर तोंडाला उपरणं लावून हसले. पण राणीसाहेब हसल्या नाहीत. "वाचा," त्या म्हणाल्या. "रीत मात्र सगळ्यांना सारखी. तीन पानं."

तिनं पहिलं पान वाचलं. पोर हरवली, आई घराबाहेर पडली. मांडव चिडीचूप. लोक ऐकत होते, पण तोंड उघडायची कुणाची छाती होत नव्हती. दुसरं पान वाचलं. आई नदीवर आली. नदीला पूर, नावाडी पळालेला, पलीकडं कुणा पोरीच्या रडण्याचा आवाज. मांडवात टाचणी पडली तरी ऐकू आलं असतं, पण हुंकार नाही. चोपदारानं लाल दोरा हातात घेतला.

साळूआक्काला घाम फुटला. ओल्या बोटांनी तिनं पान उलटलं आणि झाला घोटाळा! एकाला एक चिकटून दोन पानं उलटली. पूर ओलांडायचं पान मधल्यामध्ये राहिलं. घाबरलेली ती तशीच वाचत सुटली, "आईनं वडाखाली फडकं सोडलं आणि भाकरीचा तुकडा मोडला..."

"थांब गं बाई, थांब!"

सगळ्यांच्या माना वळल्या. मांडवाच्या खांबाशी हातात खराटा घेऊन एक बाई उभी होती. मांडव झाडणारी. तीन चढाओढी तिनं उभ्यानं ऐकल्या होत्या आणि कधी चकार शब्द काढला नव्हता.

"भाकरी कसली मोडतेस?" ती भांडल्यासारखी म्हणाली. "नदीला पूर होता ना? मग बाई पलीकडं गेली कशी? आणि ती रडणारी पोर कुठाय?"

"गप्प बस!" चोपदार ओरडला. "रीत मोडलीस तू! मांडवाबाहेर हो!"

"होते की बाहेर. पण आधी तिला विचारा, पोरीचं काय झालं!"

आणि काय सांगावं, तिच्यामागून आणखी एक आवाज आला, "खरंच, नदी राहिली!" मग तिसरा, "आक्का, पान चुकलं तुमचं!" मग तर सगळा मांडव उसळला. साळूआक्कानं खाली पाहिलं. चिकटलेली पानं तिच्या बोटांत होती. तिला रडू आणि हसू एकदमच फुटलं.

"चोपदार," राणीसाहेब उभ्या राहिल्या, "दोरा ठेवा खाली. काल-परवा पंडितांच्या पोथीत मेलेला राजा शिकारीला गेला. मला वाटलं, मलाच डुलकी लागली होती. हुंकारीबुवा, तुम्ही तर 'हूं' म्हणालात. तुम्ही ऐकलं होतं ना?"

हुंकारी चाचरला. "राणीसाहेब... मला 'हूं' म्हणायला ठेवलंय. ऐकायला नाही."

मांडव खो खो हसला. पंडितांचं तोंड एवढंसं झालं.

"ही बाई मात्र अडली," राणी म्हणाली. "ऐकलं म्हणून अडली. कासारणीला तिचा हुंकारी मिळाला. वाचा आक्का, नदीपासून."

खराटा खांबाला टेकवून झाडणारी पुढं आली आणि साळूआक्काशेजारी मांडी घालून बसली. साळूआक्कानं पानं सोडवली, पुराचं पान काढलं आणि वाचू लागली. आईनं लुगड्याचा काचा मारला. "हूं!" झाडणारी म्हणाली. आईनं पुरात उडी घेतली. "हूं!" मांडव म्हणाला, सगळाच्या सगळा. पंडितांच्या हुंकाऱ्यानं असा हुंकार जन्मात ऐकला नव्हता. शेवटी त्याला राहवेना, तोही 'हूं' म्हणाला, आणि यावेळी मनापासून.

तीन दिवस पोथी चालली. पोर सापडली तेव्हा चोपदारसुद्धा पागोट्याच्या शेवानं डोळे पुसत होता.

राणीसाहेबांनी निकाल सांगायची गरजच उरली नव्हती. तरी त्यांनी सांगितला आणि स्वतःचं छत्र साळूआक्काच्या डोक्यावर धरायला पुढं आणवलं.

"राहू द्या, राणीसाहेब," साळूआक्का म्हणाली. "दोन्ही हात बांगड्यांत गुंतलेले असतात माझे, छत्र धरू कशात? द्यायचंच असेल तर धुळोबाची पोथी सोडा. ती वाईट नव्हती. त्याचा मेहुणा झोपला होता, मांडव जागाच होता."

राणीनं स्वतःच्या हातानं लाल दोरा सोडला आणि नवी रीत केली, की यापुढं मांडवात हुंकारी कुणी आणायचा नाही. ज्याला ऐकावंसं वाटेल त्यानं 'हूं' म्हणावं आणि ज्याला अडावंसं वाटेल त्यानं खुशाल अडावं. पुढच्या चढाओढीला उघड्या डोक्याची माणसं मांडवात मावली नाहीत. धुळोबाची पोथी दुसरी आली. छत्रपंडितही आले होते, विनाछत्राचे. पोथीची पहिली वीस पानं त्यांनी गाळली होती, आणि लोकांनी त्यांना चार ठिकाणीच अडवलं. ते म्हणे घरी जाताना खुशीत होते.

पण ते नंतरचं. त्या दिवशी सगळं आटोपल्यावर राणीसाहेबांनी साळूआक्कापुढं आपले दोन्ही हात केले. साळूआक्कानं हिरव्या बांगड्यांची माळ सोडली, राणीचा हात हातात घेतला आणि सवयीनं गोष्ट सुरू केली. बांगड्या कधी चढल्या ते राणीला कळलंसुद्धा नाही. बांगड्या भरून झाल्या की भरणारीला नमस्कार करायचा, ही तर सगळ्याच बायकांची रीत. भरल्या मांडवात राणी वाकली आणि तिनं कासारणीला नमस्कार केला. आणि सारा मांडव एका सुरात म्हणाला, "हूं!"

तात्पर्य : विकतची वाहवा कामाला येत नाही, मन लावून ऐकणारा आणि चुकलं तिथं अडवणारा माणूस, हाच आपल्या कामाचा खरा सोबती.