ठकूचं तळं

चांदरपेठेहून घोणसड्याला निघालेल्या माणसाला घाटाच्या तोंडाशी थांबावंच लागतं. जीप तिथवरच येते. पुढे तासाभराची उभी चढण आहे आणि ती सुरू होते तिथे वडाखाली काळपट चिकणमातीचा ढीग घातलेला असतो. वरच्या धनगरवाड्यातले लखूनाना झोरे, वय पंचाहत्तरच्या पुढे, सुट्टीच्या दिवशी आलेल्या पाहुण्यांना वर नेतात. सड्याच्या, म्हणजे माथ्यावरच्या कातळपठाराच्या टोकावरची दरी, पलीकडचा धबधबा, भाद्रपदात कातळावर पसरणारी फुलं, सगळं हौसेनं दाखवतात. पण पाऊल उचलण्याआधी प्रत्येकाच्या हातात नारळाएवढा मातीचा गोळा ठेवतात. या घाटानं रिकाम्या हातानं चढायचं नाही, एवढंच सांगतात. शहरातली माणसं हसतात, फोटो काढतात, आणि मग धापा टाकत तो गोळा वर नेतात. वर तळं लागतं. गोळे काठावर ठेवून झाले, की नाना टेकतात आणि ठकूची हकिगत सांगतात.

ही पाच-सहा पिढ्यांमागची गोष्ट, असं सांगतात. सड्यावर तेव्हाही धनगरवाडा होता, वीस-पंचवीस घरांचा. म्हशी राखायच्या, लोणी काढायचं, पेठेत नेऊन विकायचं. सड्यावर पाऊस असा पडायचा, की चार महिने शेजारचं घर दिसू नये. तरी शिमग्याला कड्यातल्या एका बारीक झऱ्याखेरीज घोटभर पाणी उरत नसे. जुन्या माणसांनी खोलगट जागा बघून दगडी बांध घातला होता, तळं भरायचंही. पण माघ सरेपर्यंत त्याचा तळ उघडा पडायचा. मग सगळा वाडा म्हशी घेऊन खाली नदीकाठी उतरायचा आणि पावसापर्यंत दुसऱ्याच्या रानात पालं ठोकून राहायचा.

एका वर्षी नदीकाठी जनावरांत रोग आला. खालच्या गावांनी त्याचा ठपका धनगरांच्या म्हशींवर ठेवला आणि पुढच्या वर्षीपासून इथे उतरायचं नाही, असा निरोप धाडला. पुढच्या वर्षी माघ सरता तळं आटलं. वर पाणी नाही, खाली थारा नाही. वाडा मोडायची वेळ आली.

तेव्हा सगळे बिरोबाच्या देवळापुढे जमले. जानू भगताच्या अंगात आलं. तळं उपाशी आहे, तो म्हणाला. बांधाखाली वाड्याची सर्वांत नवी सून दिल्याशिवाय पाणी ठरायचं नाही.

सर्वांत नवी सून होती ठकूची. साळू तिचं नाव. खालच्या नदीकाठची पोर, माघात लग्न होऊन वर आलेली. हातावरची हळद नुकती उतरली होती.

ठकू विधवा बाई, चाळिशीची, बोलायला कमी. एकुलत्या एका लेकाला तिनं लोणी विकून वाढवलं होतं. भगत बोलला तेव्हा आपल्या मागे उभ्या असलेल्या पोरीचा श्वास थांबल्याचं तिला कळलं, असं सांगतात. देवळापुढची सगळी माणसं जमिनीकडे बघत होती. एकानंही नाही म्हटलं नाही. ठकूला भगताचा राग आला नाही इतका त्या गप्प बसण्याचा आला. ती पुढे झाली.

"भावजी, दगडाला भूक नसती," ती म्हणाली. "दगडाला भोक असतंय."

भगत म्हणाला, की हे देवाचं बोलणं आहे, बाईनं त्यात पडू नये.

"मग देवाला एक वरीस थांबाय सांगा. पुढच्या आखितीला तळ्यात पाणी नसलं, तर बांधाखाली मी जाईन. माझ्या पोरीला हात लावायचा न्हाई."

आखिती म्हणजे अक्षय्य तृतीया, ऐन उन्हाळ्यातला सण. वाड्यानं हो म्हटलं. वर्षभरानं का होईना, बळी तर मिळणार होताच.

बोलून गेली खरी, पण भोक कुठे आहे आणि ते बुजवायचं कशानं, हे ठकूला ठाऊक नव्हतं. दोन दिवस ती कोरड्या तळ्यात नुसती फिरली. तळाला सगळा जांभा दगड, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा भोकांनी भरलेला. तिसऱ्या दिवशी तिच्या ध्यानात आलं, की एका कोपऱ्यात म्हशी लोळायच्या तेवढीच हातभर जागा अजून ओली आहे. तिथे थोडी चिकणमाती होती आणि म्हशींनी ती तुडवून तुडवून दाबून टाकली होती. ठकू तिथेच खाली बसली. तिला हवं ते सापडलं होतं.

पण सड्यावर माती ती किती असणार! चिकणमाती होती खाली, पेठेतल्या कुंभारांच्या खाणीत. ठकू रोज लोणी विकायला पेठेत जायचीच. त्या दिवशी लोणी विकून रिकामी झालेली पाटी तिनं खाणीवर मातीनं भरली आणि डोक्यावर घेऊन घाट चढली. वर पोचली तेव्हा मान आखडली होती, पाय थरथरत होते. तळ्यात पाटी पालथी केली, तर ओंजळभर दिसावी एवढीच ती माती. तिथेच तिनं शपथ घेतली म्हणे, की पाणी ठरेपर्यंत हा घाट रिकाम्या हातानं चढणार नाही.

वाड्यातली बाकीची जनावरं गावोगावच्या नातलग पाहुण्यांकडे पांगली होती. कड्यातल्या झऱ्यावर माणसांचं भागून जेमतेम पुरेल म्हणून ठकूनं आपल्या दोन म्हशी तेवढ्या ठेवून घेतल्या. माती पसरायची, झऱ्याचं पाणी शिंपडायचं आणि त्यावरून म्हशी गोल फिरवायच्या. लोक हसले. लेकानं हात धरला आणि पायावर जखमा झाल्यात, आता पुरे, म्हणून विनवलं. तिनं जखमेला हळद लावली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उतरली. चौथ्या दिवशी साळूनं पाटी उचलली. पंधरा दिवसांनी आणखी तिघी आल्या. येत्या लग्नसराईत त्यांच्या घरांत सुना येणार होत्या, म्हणजे वाड्याची सर्वांत नवी सून आता त्यांची ठरणार होती. वैशाख संपेपर्यंत वाड्यातली प्रत्येक बाई माती वाहत होती, आणि बायका जातात म्हटल्यावर पुरुषांनाही घरी बसवेना. एकटा भगत उतरला नाही.

पावसात तळं काठोकाठ भरलं. दिवाळीपर्यंत हललं नाही. मग मार्गशीर्षात एका सकाळी काठावर ओल्या चिखलाचा पट्टा दिसला. दुसऱ्या दिवशी तो वीतभर झाला. पाणी चाललं होतं.

वाडा पुन्हा गप्प झाला. ठकूला त्या शांततेचा अर्थ ठाऊक होता. बायका तिच्याकडे बघायच्या आणि नजर चुकवायच्या. तिलाही भीती वाटली, नाही असं नाही. पण भीत बसायला सवड नव्हती. तिनं घरातला भाताचा कोंडा सुपात घेतला आणि सगळ्या पाण्यावर उधळला. वारा पडलेला होता. कोंडा हळूहळू बांधाच्या एका अंगाला सरकत गेला, आणि तिथे जमून गोल फिरू लागला. पाणी खाली जात होतं ते तिथेच.

जागा कळली, पण तिथे तीन पुरुष खोल पाणी होतं आणि सड्यावरच्या एकालाही पोहता येत नव्हतं. तेव्हा साळू पुढे आली. नदीकाठची पोर ती, म्हशींच्या शेपट्या धरून लहानपणीच पाणी कापायला शिकलेली.

"आत्याबाई, मी जाते," ती म्हणाली.

ठकूचा जीव तुटला. ज्या पाण्यापासून हिला वाचवायला वर्षभर माती वाहिली, त्याच पाण्यात हिला आपल्या हातानं सोडायची?

साळू म्हणाली, "मला कुणी देत न्हाई. मी माझ्या पायानं जाते आन् माघारी येते."

ठकूनं आपलं घोंगडं मातीनं भरून त्याचा गोळा बांधला. सुनेच्या कमरेला दोर आवळला आणि दुसरं टोक स्वतःच्या मनगटाला गुंडाळलं. सगळा वाडा बांधावर उभा होता. भगतही होता. साळू गोळा पोटाशी धरून खाली गेली. कोंडा फिरतच राहिला. दोराला हिसका बसला, मग तो सैल पडला. लेक पाण्याकडे धावला, त्याला माणसांनी धरलं. ठकू हलली नाही. दोर ओढायचा तो पोरीनं खूण केल्यावरच, असं ठरलं होतं, आणि ती मनात श्वास मोजत होती.

मग पाण्यावरचा कोंडा फिरायचा थांबला. दोराला दोन हिसके बसले. ठकूनं ओढला, आणि साळू वर आली, ओठ निळे, नखं तुटलेली, पण हसत.

आखितीला तळ्यात म्हशीच्या पोटाला लागेल एवढं पाणी होतं. पाहुण्यांकडची जनावरं परत आली. त्या सकाळी जानू भगत कुणाला न सांगता घाट उतरला. दुपारी वर आला तेव्हा त्याच्या डोक्यावर मातीची पाटी होती. ठकूनं त्याला जागा दाखवली आणि ती आपल्या कामाला लागली.

नाना इथे थांबतात आणि पाहुण्यांना पाणी प्यायला देतात. पुढचं फार सांगण्यासारखं नाही, ते म्हणतात. ठकू म्हातारी होऊन मेली, साळू तिच्याहून म्हातारी होऊन.

आजही वाड्यात लग्न होऊन सून आली, की वरात थेट तळ्यावर जाते. सासू पायऱ्या उतरते, तांब्या भरते. एरवी पहिलं पाणी बिरोबाचं, पण त्या दिवशी बिरोबा मागे थांबतो. पहिलं पाणी सून पिते.