एका थराचा तट

केसोनाथ महाराज त्या उन्हाळ्यात सावळदरीला आले, पण गावात उतरलेच नाहीत. गावाभोवतीचा नवा तट नुकताच पुरा झाला होता. महाराजांनी त्याच्या बाहेर, वडारांच्या पालांशेजारी घोंगडी टाकली. भक्तहो, काळ पेंढाऱ्यांचा होता. रोज कुठलं ना कुठलं गाव जळाल्याचं कानावर यायचं, आणि माणसं घास चावता चावता थांबून टापांचा कानोसा घ्यायची.

तट बांधला वडारांनी. दगड त्यांनी फोडले, चिखल त्यांनी तुडवला, आणि काम संपल्यावर दरवाजाबाहेर राहिले तेही तेच. त्यांच्यातली नागव्वा महाराजांची भक्त. कामावर जाण्याआधी ती महाराजांपुढे पाण्याचा तांब्या ठेवी. याहून मोठी पूजा तिला ठाऊक नव्हती.

एका दुपारी ओढ्यापलीकडे धूळ उठली. बाकीचे वडार घळीत लपायला पळाले. नागव्वाला पळता येईना; तिची लेक हनमव्वा पहाटेपासून वेणा देत होती. नागव्वा दरवाजाकडे धावली. लेकीला तेवढं आत घ्या, मी बाहेर राहते, म्हणाली.

रंगोजी पाटील त्याच वेळी आपली लाडकी घोडी कुरणातून आणायला बाहेर पडत होते. ते हसले.

"तुझे महाराज आहेत ना, नागव्वे? त्यांनाच सांग, बुरूज होऊन उभे राहा म्हणावं."

जाता जाता त्यांनी दरवानाला बजावलं, की पेंढारी लबाड असतात. धूळ ओढ्याच्या अलीकडे आली की अडसर घाल, मग माझ्या आवाजात हाक आली तरी उघडायचं नाही.

नागव्वा पालाशी परत आली. महाराजांनी विचारलं, तुझ्यापाशी दगड किती उरलेत? ती म्हणाली, पालाभोवती एक थर होईल, गुडघ्याएवढा.

"मग तेवढाच रच," महाराज म्हणाले.

तिने रचायला घेतला. लेक कण्हली की आत जायची, पुन्हा येऊन दगड उचलायची. महाराज स्वतः दगड आणून देऊ लागले. एक त्यांनी उलटा बसवला, तर एवढ्या घाईतही तिने त्यांना टोकलं, आणि महाराजांनी तो निमूटपणे फिरवला.

इतक्यात पाटील धापा टाकत आले. घोडी उधळून गेली होती. त्यांनी दरवाजा बडवला, हाका मारल्या. आतून दरवानाने मोठ्या इमानाने कळवलं, की आवाज हुबेहूब काढलायस गड्या, पण पाटलांचा हुकूम आहे.

टापा जवळ आल्या. पाटील त्या गुडघाभर दगडांपाशी येऊन उभे राहिले. नागव्वाने त्यांच्याकडे पाहिलं, आणि तेवढा वेळ पाटलांना फार मोठा वाटला.

"या आत," ती म्हणाली. "थराला धक्का लावू नका, चिखल ओला आहे."

स्वार आले. दगडांमागे दबून बसलेल्या पाटलांना घोड्यांच्या तोंडचा फेस दिसत होता. हनमव्वाने ओरडू नये म्हणून पदर तोंडात कोंबला होता. महाराज डोळे मिटून बसले होते. म्होरक्याने लगाम खेचला, आणि पाटलांनी पाहिलं, की तो वर बघतोय. सगळी टोळी माना मागे टाकून, पागोट्याला हात लावून, वर, आणखी वर बघत होती. डोंगरी किल्ल्याच्या पायथ्याशी माणूस बघतो तशी. एकाने पुटपुटत विचारलं, याला दरवाजा कुठे आहे?

तेवढ्यात पालात बाळ रडलं. पाटलांनी डोळे गच्च मिटले.

"शिंग वाजलं," म्होरक्या ओरडला. "फौज आहे वर. फिरवा घोडी."

धूळ आली तशी ओढ्यापार गेली. गावाकडे कुणी वळलंही नाही. धन्य ती माउली, जिच्या कृपेने गुडघाभर दगडांना आभाळाची उंची आली!

पाटलांनी पागोटं उतरवलं आणि महाराजांच्या पायांवर डोकं ठेवायला वाकले. महाराजांनी पाय मागे घेतले.

"रंगोजी, थर कुणी रचला?"

पाटील वळले आणि नागव्वापुढे, चिखलाने माखलेल्या तिच्या पावलांवर त्यांनी कपाळ टेकलं. ती बिचारी संकोचून मागे सरली.

"पाया पडणं राहू द्या, पाटील. सुईण आणा. नाळ कापायची आहे."

पागोटं तिथेच टाकून पाटील धावत सुटले.