निळी झालेली सालं

खाडीला मिळणाऱ्या एका ओढ्यावर दोन वाड्या होत्या. वरच्या अंगाला तांबटवाडी, खालच्या अंगाला कोळीवाडा. तांबटवाडीत दिवसभर घागरींवर हातोड्या पडत, आणि त्याच वाडीत वेणू नावाची एक मुलगी राहायची, जी कशालाही दचकायची. मांजराने उडी मारली, दचकली. मागून कोणी हाक मारली, दचकली. गंमत अशी, की हातोड्यांना ती दचकत नसे. ठोके एकदम थांबले की मात्र तिच्या हातातलं भांडं पडायचं. सगळे तिला 'दचकी वेणू' म्हणत.

तिचे वडील राघोबा वाडीतले जाणते कारागीर. भट्टीतून निघालेली काळी घागर ते चिंचेच्या आंबटात बुडवत, घासत, आणि ती लालबुंद उजळली की उरलेलं पाणी ओढ्यात ओतून देत. सगळेच ओतत. त्यांचे आजे-पणजेही तेच करत आले होते.

एके सकाळी कोळीवाड्याची हिरूबाय गाडगंभर पाणी घेऊन भट्टीवर आली. कोळीवाड्यात तिच्या शब्दापुढे कोणी जात नसे. तिने गाडगं राघोबांसमोर ठेवलं.

"पी."

"काय आहे हे?"

"तुमच्या ओढ्याचं पानी. आमची पोरं पितात नि ओकतात. ओढ्याच्या तोंडाशी कोलंबी मिळायची, ती पन गेली."

राघोबा हसले. "अगं बाय, तांब्याचं पाणी म्हणजे औषध! लोक आमच्या घागरी कशासाठी नेतात मग?"

"औषध पळीभर घेतात, राघोबा. आमी हंडा हंडा पितोय." हिरूबाय वळली आणि जाता जाता म्हणाली, "शिमग्यापर्यंत पानी साफ झालं तर ठीक. नायतर ओढ्यावर बांध घालू. मग तुमचं पानी तुमच्याच भट्टीत."

ही नुसती धमकी नव्हती. ओढा अडवून पाणी मागे चढलं, तर आठ दिवसांत वाडीतली एकूण एक भट्टी विझली असती.

"पाणी तर काचेसारखं आहे," राघोबा गाडग्यात डोकावून म्हणाले. "उगाच कांगावा."

वेणू बाजूला उभी राहून ऐकत होती. पण आंबटाच्या टाकीत लोखंडी सांडशी बुडवायची नाही, हे तांबटाच्या घरात चालायला लागलेल्या पोरालाही ठाऊक असतं. बुडवली की तिच्यावर तांब्याचा लाल थर चढतो. वेणूने एक लोखंडी खिळा घासून पांढरा केला आणि हळूच त्या गाडग्यात टाकला. दुपारी काढला, तर लाल! गंज नव्हता, तांब्याची चकाकी होती. ती अशी दचकली, की खिळा पायावरच पडला. काचेसारख्या पाण्यात तांबं होतं. दिसत नव्हतं एवढंच.

गाडगं परत करायच्या निमित्ताने ती कोळीवाड्यात गेली. हिरूबायच्या ओढ्याकाठच्या परसात खेकड्या-चिंबोऱ्यांच्या आणि कोलंबीच्या सालांचे दोन ढीग होते. एक ताज्या सालांचा. दुसरा राखेच्या पाण्यात उकळलेल्या सालांचा. वास जावा म्हणून हिरूबाय ती उकळायची आणि मग माडांच्या आळ्यांत घालायची. दोन्ही ढिगांच्या कडा ओढ्याच्या पाण्यात बुडालेल्या होत्या. ताजी सालं होती तशीच होती. उकळलेली सालं मात्र निळी पडली होती, मोराच्या मानेसारखी.

"अगं बाई!" वेणू दोन पावलं मागे सरली.

"साप हाय का गं?" हिरूबाय आतून ओरडली.

"नाही. रंग आहे."

"रंगाला कोन घाबरतं!"

वेणू मात्र आता घाबरलेली नव्हती. हा निळा रंग तिच्या ओळखीचा होता. न घासता ठेवलेल्या घागरीच्या बुडाशी असाच निळसर मळ धरतो. म्हणजे सालांनी पाण्यातलं तांबं धरून ठेवलं होतं? आणि धरलं असेल, तर ताज्यांनी का नाही? राखेच्या पाण्यात त्यांचं असं काय निघून गेलं, की त्यांना तांबं धरता येऊ लागलं?

त्या दिवसापासून तिला दुसरं काही सुचेना. बुडाला भोक असलेलं मडकं घेतलं, उकळलेली सालं कुटून त्यात भरली, वरून भट्टीचं पाणी ओतलं. पाणी भरभर पळालं, खिळा लाल. सालं बारीक कुटली, मडकं तुंबलं. मग जाड-बारीक मिसळून भरली, तेव्हा पाणी थेंब थेंब गळू लागलं. त्यात टाकलेला खिळा दुसऱ्या दिवशीही पांढराच्या पांढरा! वेणूने तो पांढरा खिळा आणि गाडग्यातला लाल खिळा राघोबांसमोर ठेवला. हिरूबायने हवी तेवढी सालं दिली. वाडीने आंबटाचं पाणी ओढ्यात ओतणं बंद केलं आणि ते मडक्यांच्या रांगेतून सोडायला सुरुवात केली. महिन्याभरात कोळीवाड्यातल्या पोरांच्या ओकाऱ्या थांबल्या. बांधाचं नाव कोणी काढेना. जो तो म्हणू लागला, "आमची वेणू!" मागचं नाव जणू कधी नव्हतंच.

ठरलं असं, की शिमग्याच्या सकाळी दोन्ही वाड्यांनी ओढ्यावर जमायचं, हिरूबायने मडक्यांखालचं पाणी ओंजळभर प्यायचं आणि वेणूला मानाचा नारळ द्यायचा.

त्या सकाळी वेणू सगळ्यांच्या आधी ओढ्यावर गेली. आदल्या दिवशी सोडलेला खिळा तिने सहज वर काढला. टोकाला लाली होती. फार नाही, कुंकवाचं बोट लागावं एवढीच. तिने मडक्यात हात घातला. सालं वरपासून खालपर्यंत निळीशार झाली होती. पांढरं एकही उरलं नव्हतं. त्यांना धरता येत होतं तेवढं तांबं त्यांनी धरलं होतं. आता येणारं तांबं तसंच खाली जात होतं, आणि पाणी मात्र कालच्याइतकंच नितळ दिसत होतं.

तेवढ्यात राघोबा आले. तिने खिळा दाखवला.

"आजचा दिवस गप्प बस," ते हळूच म्हणाले. "उद्या सालं बदलू. ओंजळभर पाण्याने कोणी मरत नाही. आज बोललीस, तर दुपारपर्यंत बांधाचा पहिला दगड पडेल, पोरी."

ते खोटं नव्हतं. म्हणून तर वेणूने खिळा मुठीत झाकून घेतला.

ढोल वाजत लोक आले. हिरूबायने पदर खोचला, ओंजळ भरली आणि ओठांपर्यंत नेली.

"पिऊ नकोस!" वेणू ओरडली.

ढोल थांबले. हिरूबायच्या बोटांमधून पाणी गळून गेलं. वेणूने खिळा वर धरला. "सालं भरली आहेत. कालपर्यंत तांबं धरत होती, आता धरत नाहीत. मी काल बघायला हवं होतं. बघितलं नाही."

"दचकी ती दचकीच!" तांबटांतलं कोणीतरी म्हणालं. कोळ्यांकडून आवाज आला, "बांधा रे बांध!"

हिरूबायने हात वर केला, तसे सगळे गप्प झाले. तिने खिळा हातात घेऊन उलटा-सुलटा पाहिला.

"तुजा नारळ जाईल हे ठाऊक होतं ना तुला?"

"हो."

"आनि भट्ट्या?"

"हो."

हिरूबाय लोकांकडे वळली. "पानी साफ हाय म्हननारे रोज भेटतात. साफ नाय म्हननारी आज भेटली. हिच्या खिळ्यावर माजा भरोसा हाय. खिळा पांढरा, तोवर बांध नाय. पन खिळा लाल झाला, की सालं बदलेपर्यंत हातोड्या बंद. कबूल?"

राघोबांनी मान खाली घातली. "कबूल."

"आणि ही निळी सालं?" एकाने विचारलं. "खाडीत टाकायची?"

"मग धरलं कशासाठी?" वेणू म्हणाली. "जिथून आलं तिथे परत जाऊ दे."

सालं वाळवून, मुशीत भरून राघोबांच्या भट्टीत घातली. ती जळून गेली आणि राखेतलं तांबं वितळून मुशीच्या तळाशी उतरलं, पळी घडवता येईल एवढं. राघोबा तो गोळा तळहातावर घेऊन बसून राहिले. "एवढं आपण त्यांना पाजत होतो?" ते म्हणाले. मग त्यांनी त्याची पळी घडवली आणि स्वतः जाऊन हिरूबायला दिली.

तेव्हापासून वेणू रोज सकाळी खिळा बघते. लाली दिसली की ती हात वर करते आणि वाडीतल्या हातोड्या एकदम थांबतात. त्या शांततेने आता सगळी वाडी दचकते. वेणू तेवढी दचकत नाही. ती सालं बदलत असते.

तात्पर्य: काल निर्मळ ठरलेलं आजही निर्मळ आहे का, हे रोज पाहावं लागतं, आणि आपल्याच कामातली खोट दिसली, तर मानाचा नारळ हातात पडण्याआधी ती आपणच सांगावी.