उंबरठ्याबाहेरचा जोड

एक होता उंबरठा, एक होता घट्ट पट्ट्यांच्या बुटांचा जोड, आणि दोघांची मालकीण होती हौसाक्का. तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, "घरातही बूट घालूनच चाला." सून शेवंताला दिवस गेले होते. नातवंडाला उचलून घरभर मिरवावं, एवढीच हौसाक्काची आस.

पण उंबरठा अडून बसला. "वहाण आत? माझ्यावर रोज हळदकुंकू पडतं!"

हौसाक्कालाही ते पटलं. ती अनवाणीच चालायची. एके सकाळी गुळगुळीत फरशीवर पाय सरकला. दाराची कडी हाताला लागली म्हणून वाचली बिचारी.

बूट बाहेरून कळवळले, "उंबरठेदादा, आम्ही कोरे आहोत, रस्ता पाहिलेला नाही. आत घ्या, पुन्हा बाहेर पडणार नाही. अक्का अंथरुणाला खिळली, तर तुम्हाला हळदकुंकू वाहणार कोण?"

उंबरठा वरमला. "या बाबांनो. पण नव्या नवरीसारखे, उजवा आधी!"

हे ऐकून हौसाक्का हसली नि तिने बूट आत आणवले.

खंडेनवमीला शेवंताने विळा-कोयत्यांच्या ओळीत ते बूटही पुसून मांडले. हौसाक्काने झेंडूचं पहिलं फूल त्यांनाच वाहिलं. मग तेच पायांत चढवून, तान्ह्या नातीला छातीशी धरून, ती ठाम पावलांनी उंबरठ्यापर्यंत गेली नि म्हणाली, "दादा, ही बघा आपली लक्ष्मी."